फाटकावर उभ्या माणसाची वर्दी : आधी पाय, मग रुबाब

नांदेडहून लातूर रोडने विष्णुपुरीकडे निघाले की फाटकांमागून फाटके लागतात. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मधे पेट्रोल पंप, गोदामे, मंगल कार्यालये, नव्या सोसायट्या. प्रत्येक फाटकावर एक माणूस उभा असतो. त्यातले कितीतरी आपल्याच वस्त्यांतले आहेत. दहावी-बारावी झालेला मुलगा, शेतमजुरी सोडून आलेला चाळिशीतला माणूस, नवऱ्यामागे घर चालवणारी ताई. "सिक्युरिटीत लागला" हे वाक्य आता प्रत्येक गल्लीत ऐकू येते.

नोकरी लागली की घरात पहिली धावपळ होते ती सामानाची. पहिला पगार हातात यायचा असतो, तरी उसनवारी करून काळे चकचकीत बूट, रुंद पट्टा, कधी एखादी काठीसुद्धा घेतली जाते. हौस समजण्यासारखी आहे. वर्दीत मान असतो. पण मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि आता वस्त्यांतून फिरते. माझ्याकडे गार्ड येतात ते टाचदुखी, पायावर फुगलेल्या शिरा, बोटांत झालेल्या चिखल्या आणि कंबरदुखी घेऊन. मारामारीत लागलेला क्वचितच येतो. बारा तासांची ड्युटी माणसाला हळूहळू झिजवते आणि ही झीज पायापासून सुरू होते.

म्हणून सामान निवडताना एकच कसोटी लावावी. बिनहत्यारी गार्डचे काम चार गोष्टींचे असते : बघणे, दिसणे, हाक देणे आणि लिहून ठेवणे. जी वस्तू यातल्या एका कामाला मदत करते, किंवा ते काम करताना शरीर राखते, ती घ्यावी. जी फक्त पोलिसासारखी दिसते, तिच्यावर घरचा पैसा घालू नये.

आधी एजन्सीला विचारा

खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. एजन्सीने गार्डला गणवेश घालायला लावला तर काय काय द्यायचे, हे त्याच्या नमुना नियमांत लिहिले आहे. एजन्सीचे नाव असलेला दंडावरचा बिल्ला, हुद्दा दाखवणारा बिल्ला, दोरीसह शिट्टी, लेस बांधायचे बूट आणि टोपी. कपडे असे हवेत की कामात अडथळा येऊ नये. फार घट्ट नाहीत, फार ढगळ नाहीत. गार्डजवळ वही आणि पेन असावे आणि फोटोचे ओळखपत्र सगळ्यात वरच्या कपड्यावर दिसावे, हेही त्यात आहे. दर बारा महिन्यांनी गार्डची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अशीही तरतूद आहे. ही तपासणी शेवटची कधी झाली, हे घरातल्या गार्डला आजच विचारा.

म्हणजे बूट आणि शिट्टी ही गार्डने उसनवारीवर आणायची वस्तू नव्हे, ती एजन्सीने द्यायची आहे. रुजू होतानाच विचारा : काय मिळणार, किती जोड, किती महिन्यांनी नवे, आणि गणवेशाच्या नावाखाली पगारातून काही कापणार का? कापत असतील तर पगाराच्या पावतीवर तसे लिहून मागा. एकट्याने विचारायला जड जाते, म्हणून चार-पाच जणांनी मिळून विचारावे. कोणी जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळामार्फत, तर कोणी महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून लागलेला असेल, त्यांचे नियम वेगळे आहेत. पण "मला काय मिळायला हवे" हा प्रश्न सगळ्यांनी विचारायचा आहे.

पहिला खर्च बुटांवर

स्वतः काही विकत घ्यायचेच असेल, तर पहिला पैसा बुटांवर. एजन्सीने दिलेला बूट मापाचा नसेल तर तो बदलून मागावा. मिळत नसेल तर वजिराबादेत किंवा इतवाऱ्यात जाऊन स्वतः घ्यावा, पण या रीतीने :

बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभे राहून पाय सुजतो, सकाळी नीट बसलेला बूट रात्री आवळतो. ड्युटीवर घालणार तेच मोजे घालून माप द्यावे. दोन्ही पायांत बूट घालून दुकानात दहा मिनिटे चालावे. एक पाय थोडा मोठा असतो, माप मोठ्या पायाचे घ्यावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाच मात्र आत उचलली जाता कामा नये.

मग बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण चालताना पाय तिथेच वाकतो. मधोमध दुमडत असेल तर तळव्याला आधार नाही. पिळल्यावर फडक्यासारखा पिळला जात असेल तर तोही सोडावा. तळ रबराचा आणि खाचांचा असावा. दवाखान्याच्या ओल्या फरशीवर गुळगुळीत तळ घसरतो आणि पन्नाशीतला माणूस पडला तर मनगट किंवा खुबा मोडतो. टाचेची उंची बोटभर पुरे. लोखंडी टोपणाचा बूट गोदामात किंवा बांधकामावर, जिथे पायावर वजन पडण्याची भीती आहे तिथे हवा. फाटकावर त्याचा नुसता भार होतो.

आतली गादी झिजली की पूर्ण बूट फेकायची गरज नाही, नुसती गादी बदलता येते. टाच सकाळी पहिल्या पावलाला ठणकत असेल, तर ते बूट झिजल्याचे आणि तळव्याचा पट्टा ताणल्याचे लक्षण असू शकते. मऊ गादी, पिंढरीचे ताणायचे व्यायाम आणि गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणे, याने पुष्कळांना आराम पडतो. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर दवाखाना.

मोजे, चिखल्या आणि साखर

मोज्यांकडे कोणी बघत नाही. खरे तर बुटानंतरचा दुसरा खर्च तोच. कमीत कमी तीन जोड असावेत : एक पायात, एक पिशवीत, एक दोरीवर. सुती मोजा घाम पितो पण ओलाच राहतो आणि ओल्या मोज्याने फोड येतात. सुती-नायलॉन मिश्र, जाडसर तळाचा मोजा बरा. वरची पट्टी इतकी घट्ट नको की पायावर वळ उमटेल. ड्युटीच्या मध्यावर मोजे बदलावेत. पावसाळ्यात तर बदललेच पाहिजेत.

घरी आल्यावर पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्या तिथेच होतात. बूट उन्हात, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवावेत. कुरूप झाले तर ब्लेडने कापू नये.

मधुमेह असलेल्या गार्डने रोज पाय तपासावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांनी बघावे. साखरेने पायाची जाणीव कमी होते, बुटात खडा गेला तरी कळत नाही. त्या जखमेचे पुढे काय होते ते मी वॉर्डात पुष्कळ पाहिले आहे. बूट घालण्याआधी हात घालून आतून चाचपून पाहणे याला एक पैसा लागत नाही. पायाच्या शिरा फुगल्या असतील तर घट्ट लांब मोजे मिळतात, पण ते डॉक्टरांना दाखवून घ्यावेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्यांनी नुकसान होते.

कपडा, पट्टा आणि गळ्यातली दोरी

मे महिन्यात नांदेडचा पारा चाळीसच्या बराच वर जातो. अशा उन्हात निव्वळ पॉलिस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो, मांडीला आणि काखेत घामोळे व गजकर्ण होते. शक्य असेल तिथे सुताचे प्रमाण जास्त असलेला कपडा मागावा. बसून, वाकून, हात वर करून पाहावे. शिवण ताणली तर तो कपडा ड्युटीचा नाही. टोपीला पुढे झाप हवी, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. पट्टा पोटावर आवळू नये.

गणवेश पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा नको. ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाही. २००५ च्या कायद्यानुसार असा गणवेश घालणारा गार्ड आणि एजन्सीचा मालक, दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "साहेबासारखा दिसतो" म्हणून खांद्यावर तारे लावून घेणाऱ्या पोराला हे घरच्यांनी सांगावे.

आता एक छोटी पण जिवाची गोष्ट. ओळखपत्राची दोरी, शिट्टीची दोरी, टाय, यातले काहीही गळ्याभोवती पक्के अडकलेले नसावे. चिडलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा गळ्याकडे जातो. ओढल्यावर सुटणारी दोरी घ्यावी किंवा ओळखपत्र खिशाला चिमट्याने लावावे. शिट्टीची दोरी खांद्याला अडकवावी.

बघणे, दिसणे, हाक देणे

रात्रपाळीला बॅटरी हवीच. मोबाईलच्या उजेडावर राहू नये, कारण मदतीला फोन करायची वेळ येते तेव्हाच त्याची चार्जिंग संपलेली असते. हातात मावणारी, चार्जिंगची एल.ई.डी. बॅटरी पुरते. घेताना दुकानाबाहेर अंधारात लावून पाहावी. पंधरा-वीस पावलांवर माणसाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. पूर्ण चार्ज करून ती किती तास चालते हे घरी एकदा मोजावे. फेरी मारताना उजेड आधी जमिनीवर, मग समोर. विष्णुपुरीच्या आजूबाजूला नदीकाठ, शेते आणि गवत आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप मराठवाड्यात आढळतात. बॅटरी आणि घोट्यापर्यंतचा बूट यांचा खरा उपयोग इथे आहे. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करून सरळ शासकीय रुग्णालयात जावे. सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते.

रस्त्यालगतच्या फाटकावर चमकत्या पट्ट्यांचे जॅकेट हवे. लातूर रोडवर रात्री ट्रक आणि ट्रॅव्हल्स जोरात असतात आणि गडद निळ्या गणवेशातला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही. जॅकेटचा भगभगीत रंग दिवसा कामाचा, चमकत्या पट्ट्या रात्री कामाच्या. पट्ट्या अजून चांगल्या आहेत का, हे पाहायला अंधारात मोबाईलचा फ्लॅश टाकून फोटो काढावा. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र दिसल्या तर ठीक. काळपट किंवा सोललेल्या दिसल्या तर नवे जॅकेट मागावे. पावसाळ्यात छत्रीपेक्षा शर्ट-पँटचा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात.

वहीला हलके समजू नये. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोण आले, काय बोलले, सुपरवायझरला किती वाजता कळवले. उद्या चोरीचा आळ आला किंवा भांडणाची चौकशी लागली, तर गार्डच्या बाजूने बोलणारी हीच वही असते. पहिल्या पानावर ११२ पोलीस, १०८ रुग्णवाहिका, सुपरवायझरचा नंबर, घरचा नंबर आणि आपला रक्तगट लिहून ठेवावा.

काठी, स्प्रे घ्यावा का?

हा प्रश्न तरुण पोरे हमखास विचारतात. माझे उत्तर : स्वतःहून घेऊ नका. बिनहत्यारी गार्डला अटक करण्याचे किंवा मारण्याचे पोलिसांसारखे अधिकार नाहीत. जीव वाचवण्यापुरता बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेत प्रत्येक नागरिकाला आहे, तितकाच गार्डला आहे. हातात काठी असली की समोरचा आधी काठीकडे बघतो आणि गर्दीत ती हिसकावली गेली की मार आपल्याच डोक्यात बसतो. मिरचीचा स्प्रे बंद जागेत किंवा वाऱ्याविरुद्ध आपल्याच डोळ्यांत जातो. दवाखान्यात तर दम्याच्या रुग्णाला त्याने गुदमरायला होते. काठी एजन्सीने ठरवून दिली असेल, तर ती कशासाठी आणि कधी वापरायची याचे शिक्षण मागा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळे होती. ती बातमी देशभर गेली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि सगळीकडे रुग्णालयाच्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली. कॅमेरे किती, गार्ड किती, हे विचारले गेले. पण कोणत्याही दवाखान्यात लेकरू गमावलेल्या आईबापाला पहिल्यांदा सामोरा जातो तो फाटकावरचा गार्ड. तिथे काठी कामाची नसते. अंतर राखून उभे राहणे, हात उघडे आणि छातीसमोर ठेवणे, आवाज खाली ठेवणे, "ताई, आधी इकडे बसा" म्हणणे आणि वेळेवर शिट्टी किंवा फोन करून मदत बोलावणे, हे कामाचे असते.

दवाखान्याच्या फाटकावर जास्तीचे काय

अपघाताचा रुग्ण रिक्षातून आला की स्ट्रेचर येईपर्यंत त्याला उचलतो गार्डच. हाताला रक्त लागते. म्हणून खिशात हातमोज्यांचे दोन जोड असावेत. ते दवाखान्यातल्या सिस्टरकडे मागावेत आणि वापरले की तिथल्याच कचऱ्याच्या योग्य डब्यात टाकावेत. क्षयरोगाचा विभाग किंवा छातीच्या आजारांची ओ.पी.डी. असेल तिथे एन-९५ मास्क हवा. कापडी मास्क क्षयाचे जंतू अडवत नाही. कावीळ-ब ची लस तीन डोसांची असते : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. दवाखान्यात ड्युटी करणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले तेही बघावे. पगाराच्या पावतीवर ई.एस.आय. ची कपात दिसत असेल, तर आपले कार्ड करून घ्यावे. ड्युटीवरची इजा त्यात येते.

ताईंसाठी

महिला गार्डला पुरुषांचाच लहान नंबरचा बूट दिला जातो. बाईचा पाय टाचेला अरुंद असतो, त्यामुळे बूट मागे घासतो आणि पुढे आवळतो. मापाचा बूट मागावा. शर्ट छातीला ताणणारा नको. ओढणी असेल तर दोन्ही बाजूंनी पिनने लावावी आणि मंगळसूत्र शर्टाच्या आत. पाळीच्या दिवसांत गडद पँट आणि पिशवीत जास्तीचा पॅड. स्वच्छतागृह नाही म्हणून कित्येक ताया ड्युटीवर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ, ताप घेऊन येतात. ही कमी पाण्याने आणि कुढत सोसून मिटणारी गोष्ट नाही. जिथे ड्युटी आहे त्या संस्थेकडे स्वच्छतागृहाची चावी मागणे हा ड्युटीच्या सामानाचाच भाग समजा.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी, डबा, ओ.आर.एस. चे पाकीट, रोजच्या गोळ्या, मोज्यांचा जोड, छोटा टॉवेल. थंडीत स्वेटर आणि कानटोपी. ओ.आर.एस. चे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे. उन्हात चक्कर, मळमळ, डोकेदुखी झाली तर सावलीत बसावे, अंगावर पाणी घ्यावे. माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात, लगेच १०८.

विदर्भात आणि किनवट-माहूरकडे सिकलसेलचे रुग्ण आढळतात. आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही तो आहे. ज्याला हा आजार आहे त्याला थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो. त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणि स्वेटर हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. लग्नाच्या वयातल्या मुलामुलींनी रक्ताची ही तपासणी करून घ्यावीच.

विकत न मिळणारे सामान : खुर्ची

सगळ्यात मोठे साधन दुकानात मिळत नाही. ते म्हणजे बसायला खुर्ची, डोक्यावर सावली आणि वेळेवर सुटणारी ड्युटी. "गार्ड बसलेला दिसला तर झोपला असे वाटते," हे ऐकून ऐकून माणसे बारा तास उभी राहतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आणला. तो साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांच्या लढ्यातून आला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. रोज बारा तासांप्रमाणे आठवड्याचे सहा दिवस भरले तर ७२ तास होतात. हिशेब घरी बसून करा आणि जादा तासांचे पैसे पावतीवर दिसतात का ते पाहा.

तोपर्यंत निदान एवढे करावे : उभे असताना एक पाय विटेवर किंवा पायरीवर ठेवावा, दर अर्ध्या तासाने पाय बदलावा, टाचा वीस वेळा वर-खाली कराव्यात, तासाला एक छोटी फेरी मारावी. घरी आल्यावर पंधरा मिनिटे पाय उशीवर वर ठेवून पडावे.

वस्तीने काय करावे

एका रविवारी विहारात वस्तीतल्या सगळ्या गार्डना बोलवावे, दादांना आणि तायांनाही. सोबत आपापले बूट आणि पगाराची पावती आणायला सांगावे. आशाताईंना किंवा ओळखीच्या सिस्टरला बोलावून रक्तदाब, साखर आणि पाय तपासून घ्यावेत. पावत्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात, गणवेशाचे पैसे कोणाचे किती कापले ते एका कागदावर लिहावे आणि खाली सगळ्यांनी सह्या कराव्यात. एकाची तक्रार सुपरवायझर ऐकत नाही. वीस जणांच्या सह्यांचा कागद एजन्सीला वाचावा लागतो, आणि नाहीच वाचला तर तोच कागद कामगार कार्यालयात नेता येतो.